गळतीचा बंदोबस्त

कोण कॉलेज पुरं करणार आणि कोण मध्येच सोडणार, हे मी मुलांच्या पुस्तक परत करण्याच्या तऱ्हेवरून सांगत असे. थाप नाही! अख्खी नोकरी ग्रंथालयाच्या खिडकीत बसून काढली आहे. पुस्तक टेबलावर आपटणारा हमखास टिकतो. आपटण्याइतका तरी त्याचा पुस्तकाशी संबंध आलेला असतो. पुस्तक अलगद ठेवून 'थँक यू मॅडम' म्हणणारा मात्र गेलाच म्हणून समजा. तो निरोप घ्यायलाच आलेला असतो!

ही माझी कीर्ती सगळ्या कॉलेजात पसरली होती. (मीच पसरवली होती.) पण तिचा कस लागला तो नवे प्राचार्य आले तेव्हा. नवे प्राचार्य म्हणजे नव्या कुकरसारखे. आत काही शिजो न शिजो, शिट्टी आधी! रुजू झाल्या झाल्या त्यांनी सभा बोलावली.

"आपल्या कॉलेजात गळती फार आहे!"

सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. मुलं अर्ध्यातून शिक्षण सोडतात त्याला कागदोपत्री गळती म्हणतात, हे प्राचार्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, हेडक्लार्कना ठाऊक होतं. बाकीच्यांनी माना कशासाठी डोलावल्या, ते मला फार उशिरा कळलं.

"गळायला लागल्यावर धावाधाव करून काय उपयोग? कुठे गळणार ते आधीच कळलं पाहिजे!"

"अगदी मनातलं बोललात, सर!" रसायनशास्त्राचे सर उभे राहून म्हणाले. "वर्षानुवर्षं हेच सांगून घसा कोरडा पडला. फक्त घसाच!"

त्यांची ती कळकळ पाहून प्राचार्य गहिवरले.

"ते काम मशीन करील," कोपऱ्यातून सरासरी सर म्हणाले.

सरासरी सर म्हणजे आमचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. बायकोनं 'भाजी कशी झाली?' विचारलं, तर 'सरासरीपेक्षा किंचित वर' म्हणणारा माणूस. त्या माउलीची गळती कशी झाली नाही, हे संख्याशास्त्रालाच ठाऊक! कॉलेजात तेव्हा पहिलाच कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि पुजारी अर्थातच सरासरी सर.

"मशीनला हजेरी द्या, गुण द्या, शिक्षकांचं मत द्या. कोण सोडणार ते मशीन नावानिशी सांगेल."

"मशीन कशाला? मी सांगते की!" मी म्हणाले.

"मॅडम, तुमचा आपला अंदाज. माझं शास्त्र आहे."

"तुमच्या शास्त्रानं मागच्या खेपेला गैरहजर मुलंसुद्धा पास केली होती!"

"भांडू नका, दोन्ही करूया!" प्राचार्यांनी शिट्टी दिली. "मशीनचं आणि मॅडमचं जिच्यावर किंवा ज्याच्यावर एकमत होईल, त्याच्या पालकांना ताबडतोब बोलवा. समुपदेशकही बोलवा. मूल वाचलं पाहिजे!"

माझं नाव ठरलेलं होतं. आक्छी! म्हणजे तिचं खरं नाव दुसरं होतं, पण पोरगी सतत शिंकायची, म्हणून सगळे तिला आक्छीच म्हणत. दुपारी ग्रंथालयात यायची तेव्हा डोळे लाल, नाक लाल, केस ओले, वही भिजलेली. कडकडीत ऊन असलं तरी ही ओलीच. घरी रडत असणार, आणखी काय! शिवाय पुस्तक इतकं अलगद ठेवायची की आवाज होत नसे. वर 'थँक यू मॅडम'. मी मनात म्हटलं, संपलं. ही सहामाही बघत नाही.

इकडे हेडक्लार्क शिक्षकांचं मत गोळा करायला निघाले. प्राध्यापक मंडळी वर्तमानपत्रं वाचायला माझ्याकडेच बसलेली असत, त्यामुळे सगळं माझ्या देखतच झालं.

"सर, तुमच्या वर्गात गळती कुठे आहे?"

"तिसरा बाक, भिंतीकडची जागा," रसायनशास्त्राचे सर ताडकन म्हणाले.

"केव्हापासून वाटतंय?"

"वाटतंय कसलं, रोज डोळ्यांनी बघतोय! आधी अधूनमधून होतं. आता रोजचंच झालं."

"तुम्ही काही प्रयत्न केले?"

"मी काय करणार? एकदा चांगला दट्ट्या मारून पाहिला. दोन दिवस बरं होतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता वरूनच बंदोबस्त व्हायला हवा."

हेडक्लार्कना ते 'वरून' म्हणजे प्राचार्य वाटले. मलाही. दट्ट्याचं ऐकून मला त्या मुलाबद्दल जरा वाईट वाटलं, एवढंच. मुलांनी पहिल्या दिवशी धरलेल्या जागा वर्षभर त्यांच्याच नावावर असत. हेडक्लार्कनी जागांवरून नावं काढली, सरासरी सरांनी ती मशीनला भरवली, आणि मशीननं बराच वेळ गुरगुरून पहिलं नाव ओकलं. आक्छी!

मी सरासरी सरांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच हुशार मानलं.

आक्छीच्या घरी निरोप गेला आणि तिचे वडील आले. लाँड्रीचे मालक. शर्टाला अशी इस्त्री की बाहीच्या घडीनं बोट कापावं! मागे आक्छी, मान खाली.

"मी आधीच म्हणत होतो!" ते प्राचार्यांच्या खोलीत शिरतानाच गरजले. "एवढे शिकलेले लोक सांगतायत ही सोडणार, तर आजच सोडवतो! उद्यापासून दुकानात बसेल, गिऱ्हाइकांचे कपडे देईल-घेईल."

"अहो, तसं नाही..." प्राचार्य चाचरले. "आम्ही तिला वाचवायला..."

"काय वाचवता? रोज सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून पाठवतो, आणि संध्याकाळी पोतेरं होऊन येते! कुठे नदीवर जाते काय गं?"

"बाबा, मी वर्गातच असते. मला कॉलेज सोडायचं ना... ना... आक्छी!"

मूल वाचवायला बोलावलं आणि आम्हीच त्याला दाराबाहेर ढकलत होतो! तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. हातात जाडजूड बॅग.

"गळतीसाठी आलोय."

"या, या डॉक्टर! अगदी वेळेवर आलात!" प्राचार्य खुर्चीतून उठलेच. समुपदेशक यायचेच होते. "हीच ती केस."

गृहस्थांनी खोलीभर नजर फिरवली. "कधीपासून गळतंय?"

"वर्षाच्या सुरुवातीपासून," हेडक्लार्क म्हणाले.

"थेंब थेंब की धार?"

प्राचार्यांनी आक्छीच्या डोळ्यांकडे पाहिलं. "सध्या थेंब थेंबच."

"मग वरचं झाकण काढून बघावं लागेल. आत गाळ साचला असणार."

"गाळ?" लाँड्रीवाले उसळले. "माझ्या मुलीच्या डोक्यात गाळ?"

"बहुतेकांच्यात असतो, साहेब. कोणी साफच करत नाही. पण घाबरू नका, नाहीच जमलं तर नवी बसवू!"

लाँड्रीवाले बाह्या सरसावून त्यांच्या अंगावर धावले. बाह्या इतक्या कडक होत्या की वर सरकल्याच नाहीत, म्हणून अनर्थ टळला! मी मध्ये पडले आणि विचारलं, "अहो डॉक्टर, तुम्ही नक्की कुणाला बघायला आलात?"

"कुणाला? टाकीला! मी प्लंबर. रसायनशास्त्राच्या सरांनी बोलावलंय. तिसऱ्या बाकावर गळतंय म्हणाले."

मग आम्ही सरासरी सरांसकट सगळी वरात घेऊन त्या वर्गात गेलो. तास नव्हता, वर्ग रिकामा होता.

"कुठे बसतेस?" वडिलांनी विचारलं. आक्छीनं जागा दाखवली. ते जाऊन तिथे ऐटीत बसले. वर छताला पिवळट डाग पसरला होता, नकाशासारखा.

टप्! थेंब थेट त्यांच्या कॉलरवर पडला. टप्! दुसरा डोक्यावर. इस्त्री डोळ्यांदेखत विरघळली.

"इथे बसतेस? रोज?"

"पुढच्या बाकी जागा आधीच गेल्या होत्या, बाबा. मागे बसलं की फळा नीट दिसत नाही. इथून सगळं दिसतं." ती शिंकली. "मान थोडी तिरकी ठेवली की वहीवर फारसं पडत नाही."

लाँड्रीवाले उठले. आधी प्राचार्यांकडे, मग मशीनच्या पुजाऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी पाण्याखाली बसून शिकतेय," ते म्हणाले, "आणि ही कॉलेज सोडणार, हे तुमच्यातल्या कुठल्या शहाण्यानं ओळखलं?"

सरासरी सर छताकडे बघू लागले. मीही. डाग खरंच बघण्यासारखा होता.

"आता तुम्ही म्हणालात तरी नेणार नाही हिला!" लाँड्रीवाले म्हणाले आणि ओल्या कॉलरनिशी तडक निघून गेले.

खरे समुपदेशक कुठे होते? फाटकावर त्यांनीही 'गळतीसाठी आलोय' असंच सांगितलं होतं. पहारेकऱ्यानं सरळ गच्चीवर धाडलं. मुलगा वर चढून बसलाय अशा समजुतीनं ते टाकीभोवती फिरत होते आणि म्हणत होते, "बाळा, खाली ये. मी रागावणार नाही." टाकीनं उत्तर दिलं नाही, पण नंतर तिच्यात उतरलेल्या प्लंबरनं आतून दिलं, तेव्हा त्यांना चक्कर आली.

आक्छी शिकली, पहिल्या वर्गात पास झाली, आणि आता त्याच वर्गात शिकवते. शिंकत नाही. त्या वर्षी जी मुलं खरोखर सोडून गेली, ती नेहमीसारखीच गुपचूप गेली. ना मशीनला कळली, ना मला. गाजावाजा होऊन गेला तो एकच माणूस. सरासरी सर! राजीनामा देऊन ते वेधशाळेत गेले. तेव्हापासून ते 'हवा कोरडी राहील' म्हणाले की मी छत्री घेऊन निघते.

जायच्या आदल्या दिवशी भेटायला आले होते. "मॅडम, मी जाणार हे तुम्ही तरी ओळखलं असेलच!"

"तर!" मी म्हणाले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तकं परत केली होती. टेबलावर अशी आपटली होती, की शाईची दौत उडाली!