तिसऱ्याला एकशे सत्तावीस ताप

जावयाची चूक एकच झाली. घरातून निघताना तो सासूबाईंना म्हणाला, “आई, जरा लक्ष ठेवाल?”

दुसऱ्या कुणाच्या सासूबाईंनी ‘बरं’ म्हणून मासिकात डोकं खुपसलं असतं. पण या सासूबाई चौतीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्या महिनाभरासाठी लेकीकडे आल्या होत्या, आणि चारच दिवसांत अख्खा जिना त्यांना मेट्रनबाई म्हणू लागला होता. ‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून मोठमोठे डॉक्टर आयुष्यभर निर्धास्त घरी गेले होते. त्यामागे काय काय चालायचं, हे त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. जावयाला नव्हतं.

लक्ष ठेवायचं होतं ते जेवणाच्या टेबलावर आडव्या ठेवलेल्या संगणकावर. त्याचं एका अंगाचं झाकण काढलेलं होतं. मदरबोर्डवर जागोजागी बारीक तापमापक असतात, पण त्यांची बोली संगणकाच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आपण होऊन कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि जावई गेले सात महिने तो लिहीत होता. मेट्रनबाईंना मात्र एवढंच दिसत होतं, की धडधाकट माणूस दिवसभर चार आकड्यांकडे बघत बसतो आणि त्याचा पगार घेतो.

कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही काम पाठवावं, पण तपासनिसानं मान डोलावली तरच ते आत जातं. कर्नलमधल्या तापमानाच्या भागाचा तपासनीस दूर कुठेतरी राहत होता. जावयानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याच्याशी भांडण अगदी जुनं झालं होतं. त्यानं चार वेळा काम परत पाठवलं होतं आणि चारही वेळा एकच शेरा मारला होता: ‘तुमचा प्रोसेसर मरेस्तोवर राबतोय तरी गार, आणि नुसता पसरलेला बोर्ड तापलाय. असं कसं?’ जावयानंही चारही वेळा एकच उत्तर दिलं होतं: ‘हा बोर्ड असाच आहे.’ शेवटी तपासनिसानं निर्वाणीचं कळवलं, की यंत्र सहा तास पूर्ण कामाला जुंपा, आकडे पाठवा, मग बघू. उद्या संध्याकाळी नव्या कामासाठी कर्नलचं दार बंद होणार होतं. ऑफिसातल्या साहेबांनीही सांगून ठेवलं होतं, की या खेपेला काम आत गेलं नाही, तर ते दुसऱ्याकडे जाईल.

सकाळी यंत्र जुंपलं, आणि नेमकी साहेबांनी मीटिंग बोलावली.

“हा मधला, डोक्यावर पंखा असलेला, तो प्रोसेसर,” जावई घाईघाईनं दाखवत होता. “सगळं काम हाच करतो. बाकी हा सगळा पसारा म्हणजे बोर्ड. प्रत्येकाचं तापमान इथे पडद्यावर दिसतं.”

“आणि हा तिसरा कोण? याच्यापुढे नाव नाही.”

“तो असाच आहे,” जावई बूट चढवत म्हणाला.

“असाच म्हणजे? दाखल कुणी केला?”

“आई, उशीर होतोय मला. फक्त लक्ष ठेवा.”

मीटिंग सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. जावयाचा फोन थरथरला.

“जावईबापू, प्रोसेसर त्रेचाळीस, बोर्ड अठ्ठ्याहत्तर. आणि तिसऱ्याला एकशे सत्तावीस.”

“असू द्या, आई.”

“असू द्या? अहो, पाणी शंभरला उकळतं!”

“मी मीटिंगमध्ये आहे,” असं पुटपुटून जावयानं फोन ठेवला. ही चूक दुसरी. एकशे सत्तावीस ताप सांगितल्यावर समोरच्यानं फोन ठेवला, असं मेट्रनबाईंच्या नोकरीत एकदाही घडलं नव्हतं. त्यांनी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरून ऑफिसचा नंबर शोधला. तो लागला थेट साहेबांच्या टेबलावर.

“आमच्या जावयांना ताबडतोब घरी पाठवा,” आवाज अख्ख्या खोलीला ऐकू आला. “पेशंट सिरीयस आहे. बर्फ लावतेय, पण काडीचा फरक नाही.”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. कामात ते कडक होते, पण मनानं लोणी. “चला, मी सोडतो तुम्हाला,” म्हणत त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

“साहेब, तसं काही नाही,” जावई गाडीत सांगू लागला. “तो पेशंट म्हणजे तापमापकाची नुसती जागा आहे. तिला काही जोडलेलंच नाही. म्हणून ती कायम एकशे सत्तावीस...”

“बोलू नका,” साहेब गदगदून म्हणाले. “अशा वेळी माणूस काहीबाही बोलतो.”

एवढ्यात बायकोचा फोन आला. “आईनं मला बर्फाची पिशवी कुठंय म्हणून विचारलं. तू तिला नक्की काय सांगून गेलास?”

“फक्त लक्ष ठेवा म्हणालो.”

“शब्दशः हेच? मग संपलं,” बायको म्हणाली.

घराचं दार सताड उघडं होतं. वरच्या मजल्यावरचे दोन शेजारी कुजबुजत जिन्यात उभे होते. आत टेबल खिडकीशी सरकवलेलं, पडदे ओढलेले, वरचा पंखा गरगरत होता. संगणक मात्र बिचारा चालूच होता. त्याच्या पोटात, कोरड्या टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी धरून मेट्रनबाई बसल्या होत्या.

“चपला-बूट बाहेर,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “हात धुऊन या. आणि तुम्ही उंच आहात, ही बॅटरी धरा.”

हे शेवटचं साहेबांना होतं. ऑफिसात ज्यांच्यासमोर खुर्चीसुद्धा करकरायला घाबरत असे, त्या साहेबांनी मुकाट्यानं हात धुतले आणि बॅटरी धरली. कुणाला बघायला आलो आहोत, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पण मेट्रनबाईंसमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

जावई मट्कन खाली बसला. “आई, बर्फ? सहा तासांची चाचणी होती ही! सगळे आकडे बिघडले. आता उद्या मी काय पाठवू?” त्याचं रडू अगदी फुटायच्या बेतात होतं. सात महिने असे बर्फात गेलेले पाहून कुणालाही फुटलं असतं.

“आकडे बिघडत नाहीत, जावईबापू. वाचणारे चुकतात,” मेट्रनबाईंनी त्याच्या हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद दिला.

तो तक्ता होता. दर दहा मिनिटांनी चारही आकडे, तिघांचा ताप आणि पंख्याचे फेरे. शेजारच्या रकान्यात काय उपाय केला ते, आणि खाली सही.

“आधी तिसरा घ्या. खिडकी उघडली, एकशे सत्तावीस. पंखा लावला, एकशे सत्तावीस. बर्फ फिरवला, तरी तेवढाच. जित्या जिवाचा ताप असा ढिम्म राहत नाही. म्हणून मी काय लिहिलंय?”

जावयानं वाचलं. ‘कॉट रिकामी. पेशंट दाखलच नाही.’

“हे मला माहीत होतं,” तो चिरक्या आवाजात म्हणाला.

“मग रिकाम्या कॉटचा ताप लावून ठेवायचा कशाला? लोक घाबरतात! आता पुढे वाचा. अकरा वाजता बर्फ ठेवला प्रोसेसरच्या अंगावर. प्रोसेसर त्रेचाळीसचा त्रेचाळीस. आणि अठ्ठ्याहत्तरवरून बावन्नवर कोण उतरला?”

“बोर्ड,” जावई म्हणाला. मग तोच शब्द तो पुन्हा एकदा, अगदी हळू म्हणाला.

“पट्टी एकाच्या कपाळावर आणि ताप उतरतो दुसऱ्याचा, असं होतं का कधी? कॉटवरच्या पाट्या बदलल्यात, दुसरं काही नाही! आयुष्यात अशा सतरा पाट्या पकडल्यात मी.”

चार वेळा आलेला तो शेरा जावयाच्या डोळ्यांपुढून सरकला. राबणारा गार, पसरलेला गरम. तपासनीस पहिल्यापासून बरोबर होता, आणि आपण सात महिने प्रोसेसरच्या तापाला बोर्डाचं नाव लावून वर त्याच्याशी भांडत होतो!

त्यानं खुर्ची ओढली. दोन नावांची अदलाबदल केली, रिकामी कॉट काढून टाकली. सगळं मिळून पाच ओळी. यंत्र पुन्हा सहा तासांसाठी जुंपलं. या वेळी बर्फ नव्हता, पण तक्ता मेट्रनबाईंनीच भरला, आणि साहेब संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. जावयानं तक्ता उतरवून कामासोबत पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं. ‘घेतलं. इतकी नेटकी नोंद मी वर्षानुवर्षांत पाहिलेली नाही. ज्यांनी ठेवली त्यांचं पूर्ण नाव कळवा.’

“माझं नाव कशाला?” मेट्रनबाईंनी संशयानं विचारलं.

“रीतच आहे, आई. ज्यानं तपासून पाहिलं, त्याचं नाव त्या कामाखाली लिहायचं. आता ते कर्नलबरोबर जगभर जाणार.”

मेट्रनबाई जरा वेळ गुडघा चोळत राहिल्या. “चौतीस वर्षं माझं नाव ड्यूटीच्या फळ्यावर खडूनं लिहायचे,” त्या म्हणाल्या. “ड्यूटी संपली की पुसायचे. हे कधी पुसणार?”

“हे पुसत नाहीत.”

“कुणीच?”

“कुणीच नाही, आई.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. डोळेही पुसले, आणि ते लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. मग वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. ते टाइप करण्यापूर्वी जावयानं हात धुतले होते.

पंधरा दिवसांनी एक खोकं आलं. आत नवा कोरा मदरबोर्ड होता आणि तपासनिसाची चिठ्ठी. चिठ्ठी मेट्रनबाईंच्या नावानं होती. जावयानं मोठ्यानं वाचून दाखवली: ‘या बोर्डाचे आकडे कुणालाच उमगत नाहीत. कृपया आपण एकदा बघाल का? किरकोळ लिखाणाचं काम आपला मदतनीस करू शकेल.’

“मदतनीस कोण?” जावयानं कागद उलटसुलट करून पाहिला.

मेट्रनबाईंनी नवा तक्ता आखायला घेतला होता. “बघत काय बसलात, जावईबापू? टॉवेल आणा,” त्या म्हणाल्या. “आणि साहेबांना फोन लावा. बॅटरी धरायला माणूस लागेल.”