भालूसाठी अकरा पोती

साकोलीच्या एका सरकारी कचेरीत मी बावीस वर्षं काढली होती. माझा लौकिक असा, की कुठलाही अडलेला कागद माझ्या टेबलावर आला की तिसऱ्या दिवशी मार्गी लागायचा. मार्गी म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावर. पण लागायचा.

त्यामुळे चौऱ्याऐंशी साली आमचा भालू घरातल्या नव्या फरशीवर पहिल्यांदा घसरून पडला, तेव्हा मी बायकोला अगदी शांतपणे म्हणालो, "रत्ना, मले तीन दिवस दे."

आधी फरशीचं सांगतो. आमच्या कुंताला बघायला कारध्याचे पाहुणे येणार होते. मुलगा तेजराम, भंडाऱ्याला शाळामास्तर. घरची धानाची शेती, माणसं चांगली. आमचं घर मात्र आतून शेणानं सारवलेलं. मास्तर मुलगा सारवलेल्या जमिनीवर बसून पोहे खाणार, हे काही मला पटेना. मी ठरवलं, मोझॅकची फरशी बसवायची.

"पाहुने पोरगी पाहाले येऊन राहिले जी, जमीन नाही," रत्ना म्हणाली.

मी ऐकलं नाही. मिस्त्री आला, फरश्या बसल्या, मशीन आलं. चार दिवस घरघर चालली. मग वरून मेण चोळलं. शेवटच्या दिवशी मी वाकून पाहिलं तर फरशीत मला माझं टक्कल स्वच्छ दिसलं. एवढं स्वच्छ ते मी आरशातही कधी पाहिलं नव्हतं.

भालू तेव्हा अकरा वर्षांचा. काळा, केसाळ, अस्वलासारखा, म्हणून भालू. रोज सकाळी पुढच्या दारातून आत यायचं, मधली खोली ओलांडायची, स्वयंपाकघरात चुलीजवळ रत्नाच्या बाजूला बसायचं आणि तिच्या हातची पहिली पोळी खायची, हा त्याचा जन्माचा नेम. त्या सकाळी तो सवयीनं धावत आला. उंबरठा ओलांडला आणि त्याचा पुढचा एक पाय नागपूरकडे गेला, दुसरा रायपूरकडे, मागचे दोन आपापल्या सोयीनं. पोट फरशीला टेकलं आणि त्या अवस्थेत तो सरकत सरकत कपाटाला जाऊन लागला.

लागलं काही नाही. पण त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. भर सभेत धोतर सुटलेला माणूस तसा बघतो.

मी त्याला उचलून बाहेर ठेवलं. त्यानंतर त्यानं उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दारात बसायचा, स्वयंपाकघराकडे बघायचा आणि बारीक आवाजात रडायचा. रत्नानं पोळी बाहेर नेऊन दिली. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अकरा वर्षं तो मायाजवळ बसून जेवला," रत्ना म्हणाली. "तुमच्या फरशीपायी आता उपाशी मरन का?"

म्हणून ते तीन दिवस.

पहिला उपाय मला कचेरीत, भर मीटिंगमध्ये सुचला. चाक घसरू नये म्हणून रबर असतं. मग कुत्र्याला काहून नाही? संध्याकाळी भालूला घेऊन मी हायवेवरच्या बाबुलालच्या सायकल दुकानात गेलो.

"बाबुलाल, याले चार बूट पाह्यजे. जुन्या ट्यूबचे."

बाबुलालनं पंक्चर काढता काढता वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग भालूकडे.

"साहेब, आजवर मी सायकलीचंच काम केलं."

"मग आज पहिल्यांदा कर."

त्यानं भालूच्या चारी पायांचं माप घेतलं. तेवढ्यात एसटीची वाट बघणारे लोक गोळा झाले. एकानं विचारलं, मोजे पण देणार का. दुसरा म्हणाला, मागच्या पायाला अर्धा नंबर मोठा ठेवा, पाय सुजतात. मी कोणाकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या कामांना आधी लोक हसतातच.

घरी बूट चढवले. भालूला दारात उभं केलं. रत्ना स्वयंपाकघरातून पोळी दाखवत होती, कुंता "ये भालू, ये" करत होती. भालूनं एक पाय उचलला, खूप उंच, धानाच्या चिखलात रोवणी करताना उचलतात तसा. ठेवला. दुसरा उचलला. ठेवला. घसरला नाही. मी रत्नाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

मग भालूला कळलं, की ठेवलेला पाय पुढे सरकत नाही. रबर फरशीला असं धरून बसलं होतं की पुढचे पाय जागच्या जागी आणि मागचे चालत आलेले. तो मध्येच कमानीसारखा वाकला. पाठ वर, डोकं खाली, आणि स्वतःच्याच मागच्या बुटांकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं असावं, हे कोणीतरी दुसरंच आलंय. तो त्या बुटांवर भुंकला, दचकून उडाला आणि वळून जो बाहेर पळाला तो थेट तलावाच्या पाळीपर्यंत. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा एकही बूट नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिपायानं मला चहा देताना फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, भालूले चपला चालन का?"

तिसऱ्या दिवशी मात्र मी खरोखर मार्ग काढला. राईस मिलमधून अकरा रिकामी पोती आणली. पुढच्या दारापासून मधल्या खोलीतून वळण घेत चुलीपर्यंत एकामागे एक अंथरली. भालूनं पहिलं पोतं हुंगलं. पाय ठेवला. पोतं खरखरीत, पाय टिकला. मग दुसरं, तिसरं. अकराव्या पोत्यावर पोचला तेव्हा रत्ना त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. त्यानं चार पोळ्या खाल्ल्या. त्या माझ्या होत्या.

तर घरात मोझॅकची फरशी, तिच्यावर तांदळाची पोती आणि पोत्यावरून रांगेत चालणारा कुत्रा, असं आमचं चाललं होतं. पाहुणे रविवारी दुपारच्या गाडीनं येणार होते. जेवणं झाली की पोती उचलायची, भालूला मागच्या अंगणात बांधायचं, असं ठरलं होतं.

पाहुणे सकाळी दहाच्या गाडीनं आले.

मी बनियनवर होतो. दारात मुलाचे वडील सोमाजी उभे, उंच, शांत, डोक्याला पांढरा रुमाल. मागे तेजराम मास्तर, इस्त्रीच्या कपड्यात. आणि मध्ये पार्वताबाई, तेजरामची आई. अंगानं भरलेल्या, नऊवारी, एक हात गुडघ्यावर.

"या जी, या," म्हणत मी शर्ट शोधायला पळालो. परत येऊन बघतो तर सोमाजी आणि तेजराम भिंतीला धरून खाटेवर पोचले होते, पण पार्वताबाई उंबरठ्यातच. त्यांनी एक पाय आत टाकला, फरशी चाचपली आणि मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला फार ओळखीची वाटली. आठवडाभर मी ती रोज बघत होतो.

मग त्यांना पोती दिसली. त्या पहिल्या पोत्यावर उभ्या राहिल्या, दुसऱ्यावर आल्या आणि त्यांचे डोळे पाणावले.

"रत्नाबाई," त्या म्हणाल्या, "माया गुडघ्यायची खबर तुमाले कोनं देल्ली? मांग एका घरी अशाच फरशीवर मी पडली. लोक हासले. तवापासून मी कोनाच्या घरी जाले भेतो. तुमी मायासाठी रस्ता टाकला."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. रत्नानं माझ्या पायावर पाय दिला.

"कुंतानं टाकला," ती म्हणाली.

पार्वताबाईंनी आत उभ्या असलेल्या कुंताकडे अशा मायेनं पाहिलं, की पोहे येण्याआधीच लग्न ठरल्यात जमा होतं. त्या पोत्यापोत्यानं पुढे निघाल्या. तिसरं. चौथं. पाचवं.

आणि सहाव्यावर समोरून भालू आला.

तो चुलीकडून आपल्या नेमानं बाहेर निघाला होता. पार्वताबाईंना पाहून थांबला. पार्वताबाई त्याला पाहून थांबल्या. उजवीकडे फरशी, डावीकडे फरशी. मागे वळायची दोघांचीही तयारी नव्हती. भालूनं थोडा विचार केला आणि तिथंच बसला.

"हा कोनाचा कुत्रा?" पार्वताबाईंनी विचारलं. "मायाच रस्त्यात काहून बसला?"

सोमाजी खाटेवरून वाकले, जवळच्या पोत्यावरून एक लांब काळा केस उचलला आणि उजेडात धरला.

"पार्वता," ते म्हणाले, "तो त्याच्याच रस्त्यात आहे. तू त्याच्या रस्त्यात उभी आहेस."

पार्वताबाईंनी पायाखालच्या पोत्याकडे पाहिलं. केसच केस. त्यांचा चेहरा उतरू लागला. रत्ना पदराचं टोक पिळत होती. मी बावीस वर्षांच्या सवयीनं शर्टाचं वरचं बटण लावलं.

कुंता पुढे आली.

"मावशी, खरं सांगतो. पोते बाबानं भालूसाठी टाकले, मी नाही," ती म्हणाली. "तो फरशीले भेतो. मीबी भेतो. काल पानी आनतानी मीबी पडली. तुमी माया हात धरा, आपन मिळून जाऊ."

तिनं हात पुढे केला. पार्वताबाईंनी तो लगेच धरला नाही. मला वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे. निदान रस्ता तरी मोकळा करावा. मी पुढे गेलो, पोती सोडून सरळ फरशीवरून, आणि भालूला उचललं.

माझ्या पायात पाहुण्यांसाठी घातलेले नवे नायलॉनचे मोजे होते.

मी पडलो असं म्हणता येणार नाही. मी निघालो. भालूला छातीशी धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसल्या बसल्या गेलो. तेजराम मास्तर मला धरायला उठले आणि तेही निघाले. आम्ही दोघं कपाटाशी भेटलो. भालू माझ्या पोटावर सुखरूप होता. माझा डावा हात मात्र अंगाखाली सापडला होता.

वर पाहिलं तर पार्वताबाई पोत्यावर ताठ उभ्या, कुंताचा हात घट्ट धरलेला, आणि हसून हसून त्यांना श्वास घेता येईना.

"घर लय चांगलं आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "फक्त उभं राहाले जागा नाही."

पोहे झाले. माझ्या हाताला रत्नानं फडकं बांधलं. पार्वताबाईंनी खाटेवर बसून भालूला जवळ बोलावलं आणि त्याचा पंजा उलटा करून पाहिला.

"अजी, याच्या बोटाईत केस पाहा किती वाढले. पंज्याच्या गादीवर आले. घसरन नाही तं काय करन? कातर आन बेटा."

कुंतानं कातर आणली. चारी पंज्यांमधले केस पार्वताबाईंनी सावकाश कापले. भालूनं एकदाही पाय ओढला नाही. मग त्यांनी त्याला फरशीवर सोडलं. तो जपून चार पावलं चालला. पाचव्याला जरा सरकला, पण सावरला आणि सगळ्यांकडे बघत उभा राहिला.

आठवडाभर मी बूट करवून घेतले, पोती वाहिली. त्याच्या पायाखाली बघायचं मला सुचलं नव्हतं. रत्नानं ती कातर माझ्या धड हातात आणून ठेवली.

निघताना सोमाजींनी होकार सांगितला. पार्वताबाईंची अट एकच होती, लग्न कारध्याला त्यांच्या सारवलेल्या अंगणात लावायचं. मी एका हातानं नमस्कार करून कबूल केलं. दुसरा हात संध्याकाळी प्लास्टरमध्ये गेला.

डॉक्टरनं बजावलं होतं, आता पुन्हा पडायचं नाही. म्हणून पोती तशीच राहिली. भालू आता मोकळ्या फरशीवर बरा चालू लागला होता, पण त्याला पोत्यांची सवय लागली होती. आणि मला त्यांच्याशिवाय चुलीपर्यंत पोचता येत नव्हतं.

एक दिवस चहाला निघालो होतो. पाचव्या पोत्यावर तो समोरून आला. मी थांबलो, तो थांबला. मी त्याला नीट समजावून सांगितलं, की हात माझा मोडला आहे, त्याचा नाही.

स्वयंपाकघरातून रत्नाचा आवाज आला.

"अजी, तुमी मांग सरा. त्याची फिराले जाची वेळ झाली."

मी चार पोती मागे सरलो.