ठिपक्यांचं माहेर

माणसाच्या अंगावर जे जे उगवतं त्याला कुठेतरी मूळ असतं, आणि ते मूळ शक्यतो दुसऱ्याच्या घरात असतं. हे सत्य आमच्या सोसायटीने १९९६ साली एका छापील फॉर्मच्या साहाय्याने सिद्ध केलं. त्यातले सगळे त्रेचाळीस फॉर्म माझ्या हस्ताक्षरात आहेत, म्हणून हा वृत्तांत लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे येतो.

आमची सोसायटी सुरतेजवळ डिंडोलीत. घरं एकशे चौदा, बोअर एक. राहणारे बहुतेक खानदेशातले. कोणी कापडाच्या लूमवर, कोणी सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात, आणि आमचे हे, म्हणजे श्रीरंग, सचिनच्याच एका ऑफिसात टायपिस्ट. बोअरचं पाणी थंड, गोड आणि आरशासारखं स्वच्छ. ते सात-आठ वर्षं प्यायलं की काही लोकांच्या छातीवर वाळलेल्या पावसाच्या थेंबांसारखे ठिपके उठत आणि तळहाता-तळपायांवर साबुदाण्याएवढे टणक दाणे येत. काहीच लोकांच्या. बाकीचे तेच पाणी पिऊन गुळगुळीत राहत. पुढचं सगळं शास्त्र या 'काहीच' शब्दावर उभं आहे.

मी बी.एस्सी. (केमिस्ट्री, अंमळनेर) आहे. शिवाय आई आहे. या दोन पदव्या एकत्र आल्या की माणसाला स्वस्थ बसवत नाही. मानसी तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि जन्मापासून हेच पाणी पीत होती. मी रोज सकाळी वेण्या घालण्याआधी तिचे तळहात तपासायची, मग तळपाय, मग पुन्हा तळहात (मधल्या वेळात काही आलं असलं तर). शेवटी सरबताच्या रिकाम्या बाटलीत बोअरचं पाणी भरून शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिलं. रिपोर्ट आला: आर्सेनिक, परवानगीच्या सहापट. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. जुन्या गोष्टींत सावत्र आई दुधातून देते तो. आमच्याकडे तो थेट पाण्यातून येत होता, म्हणजे दूध वाचत होतं.

रिपोर्ट घेऊन मी सेक्रेटरी शालिग्रामभाऊंकडे गेले. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. (मागची बाजू कोरी होती.)

"वहिनी, सहापट म्हणजे चांगलं का वाईट?"

"वाईट, भाऊ."

"मग तसं लिहायला नको का त्यांनी? नुसता आकडा दिला न् मोकळे झाले."

तरी भाऊ सज्जन माणूस. त्यांनी आरोग्य खात्याकडे अर्ज केला. सुरतेच्या प्लेगला दोनच वर्षं झाली होती, आरोग्याच्या अर्जाला अजून लोक भीत असत. त्यामुळे अर्जाला चक्क उत्तर आलं आणि उत्तरापाठोपाठ एक साहेब आले. त्यांनी बोअरची सखोल पाहणी केली, पाणी मात्र सोबत आणलेलं प्यायले (त्यांचा घसा नाजूक होता). माझ्या रिपोर्टाबद्दल त्यांची एकच शंका होती. बाटलीवर लेबल सरबताचं, तर हा रिपोर्ट सरबताचा नाही कशावरून?

मग त्यांनी बॅगेतून घडी घातलेलं एक कात्रण काढलं. परदेशात नवा शोध लागला होता.

"जुओ बेन," साहेब प्रेमाने म्हणाले, "पाणी तो बधानुं एक ज छे. पाणीनो वांक होत तो बधाने थात ने? आ तो लोहीमां छे. खानदानी!"

म्हणजे पाणी सगळ्यांना एकच. पाण्याची चूक असती तर सगळ्यांना झालं असतं. ज्याअर्थी काहींनाच झालं, त्याअर्थी चूक रक्ताची. कात्रण खोटं नव्हतं. मी ते नंतर वाचलं. सोमल बाहेर टाकायची ताकद प्रत्येक शरीरात सारखी नसते आणि ती घराण्यातून उतरते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या ओळीत 'सोमलयुक्त पाणी प्यायल्यास' असंही होतं, पण ती ओळ नेमकी घडीवर आली होती.

साहेब नियमाला पक्के होते. एका जरी ठिपक्याचा उगम स्थानिक निघाला तर शहराच्या टाकीवरून पाइपलाइन द्यावी लागेल, असं त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. एक ठिपका! मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. फॉर्म भरायचं काम मी तिथल्या तिथे मागून घेतलं.

फॉर्म परिपूर्ण होता. ठिपक्यांची संख्या, दाण्यांची संख्या, कुलदैवत, लग्नाचं वर्ष, सगळं होतं. पाण्याचा रकाना तेवढा नव्हता. रकाना क्रमांक नऊ असा: 'ठिपके कोणाकडून आले? सासर / माहेर. (एकावरच खूण करावी.)' सासर सोसायटीत, म्हणून स्थानिक. माहेर खानदेशात, म्हणून बाहेरचं. सुनेचं माहेर पलीकडच्या गल्लीत असेल तर त्या माहेराचं मूळ गाव धरावं. सासरचं मूळ गाव धरू नये. सासर जिथे असतं तिथेच असतं.

मी पॅड आणि पेन घेऊन निघाले. पहिल्याच घरी सासूने दारातच रकाना नऊ भरून दिला. "लिखी ले वं, माहेर. लगीनना आगोदर मन्हा पोऱ्याना आंगवर तीळ बी नव्हता!"

हे निरीक्षण अचूक होतं. एकेचाळीस घरांत मी तेच ऐकलं, आणि एकही बाई खोटं बोलत नव्हती. ठिपके लग्नानंतर सात-आठ वर्षांनीच उठले होते. (लग्न करून लोक त्याच वर्षी सुरतेला आले होते. पण सुरतेला येण्याचा रकाना नव्हता.) नवऱ्याला ठिपके असले तर ते लग्नातून आले, म्हणजे माहेरून. बायकोला असले तर तिचे तिने आणले, म्हणजे माहेरूनच. सुना मान खाली घालून होकार देत, आणि संध्याकाळी भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या माहेरावर खूण करवून येत. अशा रीतीने एक घर समोरून निर्दोष सासर आणि मागच्या दाराने सदोष माहेर ठरे. अशी अठरा घरं निघाली. कोणालाच त्यात विसंगती दिसली नाही, कारण दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत होते.

अडचण आली ती फक्त हिलालची. लूम चालवणारा, पस्तीस वर्षांचा, दोन्ही तळव्यांवर दाणे, आणि अविवाहित.

"कोण पोरगी देस, वहिनी?" तो म्हणाला. "मन्हा हात देखीसन पयी जातस." (म्हणजे पळून जातात.)

रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. शालिग्रामभाऊंनी चौकशी हाती घेतली.

"मुलगी पाहायला तरी गेला होतास का कधी?"

"गेलथू ना. त्र्याण्णवले. नंदुरबार."

"काही खाल्लंस तिथे?"

"पोहा. नि च्या."

"च्या किती?"

"दोनदा." हिलाल ओशाळला. "पोरगी चांगली व्हती."

"लिहा वहिनी, माहेर," भाऊ समाधानाने म्हणाले. "कंसात 'अपेक्षित' लिहा."

बेचाळीस फॉर्म झाले. बेचाळीस माहेरं. स्थानिक ठिपका एकही नाही. त्रेचाळिसावा फॉर्म आमचा होता. ह्यांच्या छातीवर बारा ठिपके आणि उजव्या तळहातावर तीन दाणे. त्यातला एक दाणा टाइप करताना टोचतो, म्हणून ह्यांची पत्रं अलीकडे फार थोडक्यात असतात.

म्हणजे पाइपलाइन आता माझ्या पेनाच्या टोकाशी आली होती. 'सासर'वर खूण केली की झालं. सासूबाई समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. प्रमिलाबाई हे त्यांचं नाव. एरवी माझ्यावर माया आहे त्यांची.

"काय लिखी राहिनी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आई, एक 'सासर' लिहिलं तर टाकीचं पाणी येईल. मानसीसाठी."

त्यांच्या हातातला तांदूळ थांबला. "आमना खानदानमा असं काही नही. पाणी पाहिजे तं पाणी माग. खानदान कसाले बुडावस?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

आता 'माहेर'वर खूण करावी, तर अंमळनेरला माझ्या धाकट्या बहिणीचं, हर्षदाचं, चोपड्याच्या स्थळाशी जमत आलेलं. माझं माहेर ते तिचं घर. तेव्हा मी दोन्ही सोडून समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'पाणी'. शालिग्रामभाऊंनी फॉर्म परत पाठवला. शेरा होता: 'रकान्याबाहेर लिहू नये.'

मग मी पेन उचललं आणि 'सासर'पाशी नेलं. खरंच नेलं. तेवढ्यात शेजारी चित्र काढत बसलेल्या मानसीकडे लक्ष गेलं, आणि डोक्यात एक शुद्ध, निर्मळ, बी.एस्सी. विचार आला: माझं सासर म्हणजे मानसीचं माहेर! आज इथे खूण केली, की आणखी पंधरा-सतरा वर्षांनी तिला बघायला आलेले लोक ही फाइल मागणार. माझ्या पोरीच्या माहेरात ठिपके? मी काय वेडी आहे?

मी 'माहेर'वर खूण केली. पोरीचं लग्न वाचलं. मग तिने पाणी मागितलं, आणि मी माठातलं दिलं.

अहवाल एकमताने झाला. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस, म्हणजे शंभर टक्के ठिपके माहेरून आले. इतका स्वच्छ निष्कर्ष आपण नोकरीत पाहिला नाही, असं साहेब म्हणाले. उगम परराज्यातला असल्यामुळे फाइल तापीच्या उलट दिशेने खानदेशाकडे रवाना झाली. तिकडून ती चार महिन्यांनी शेरा घेऊन परत आली: 'सदर महिला विवाहोत्तर गुजरातच्या रहिवासी आहेत.' ती पुन्हा गेली. पुन्हा आली. हल्ली ती सणावारालाच येते. सोसायटीत एकशे चौदा घरांना 'निर्दोष सासर' असं प्रमाणपत्र मिळालं; आमचं फ्रेम करून बरोब्बर माठाच्या वर लावलंय.

हर्षदाचं पत्र आलं. 'ताई, चोपड्याच्यांनी विचारलं, तुमच्याकडे ठिपके आहेत का? मी म्हटलं, आमच्याकडे नाहीत, ताईच्या सासरी आहेत.' लग्न ठरलं. पोरगी हुशार, फॉर्म न पाहताच रकाना भरला.

परवा एकादशीला मानसी धावत आली आणि तळहात पुढे केला. "आई, बघ ना, दाणा!" माझ्या हातातली कढई खाली पडली. हाताच्या मधोमध पांढरा, गोल, टपोरा. सासूबाई धावल्या, हे धावले. तिघांनीही एकाच वेळी तोंड उघडलं आणि तिघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला: "माहेर!" (ह्यांच्या आणि सासूबाईंच्या मनात माझं, माझ्या मनात सासूबाईंचं.) मानसीने तो दाणा जिभेने टिपला आणि खाऊन टाकला. खिचडीतला साबुदाणा होता.

या वेळी साबुदाणा होता. आम्ही खूप हसलो. मग सगळ्यांना तहान लागली.

तुम्हीही हसला असाल. पण मघाशी, कुठेतरी पहिल्या दुसऱ्या पानावरच, तुमच्या घरातली साखर, दमा, टक्कल, हट्टी स्वभाव कोणाकडून आला हे तुम्ही मनात ठरवून टाकलंत की नाही? फॉर्मचीही गरज पडली नाही. आता हात जरा उजेडात धरा, दोन्ही. काही नाही ना? छान. मग उठा, पाणी प्या. कुठलं आहे, असं मी विचारणार नाही. तो रकाना माझ्याकडेही नाही.