प्रिचर्ड सरांची मौनी मंडळी

"ही वाट मी डोळे मिटून चालू शकतो!" इद्वाल प्रिचर्ड सरांनी छातीवर थाप मारून सांगितलं आणि पहिलंच पाऊल टाकलं ते स्वतःच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीवर. यात्रेकरूंनी त्यांना वरच्या वर झेललं म्हणून बरं, नाहीतर लीन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरची ही यात्रा चर्चच्या पायरीवरच आटोपली असती!

सरांनी सदतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावर पोरं सुटली आणि इतिहास बायकोच्या, बेटीच्या, वाट्याला आला. बिचारी रोज सकाळी अंडं उकडता उकडता सहावं शतक ऐकायची. त्यामुळे पाद्रीबाईंनी जेव्हा विचारलं, "सर, यंदा सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी जुन्या वाटेनं एक दिवसाची यात्रा न्याल का?" तेव्हा सरांच्या आधी बेटीच "हो हो, नेतील!" म्हणाली.

मंडळी आठच. त्यात बेटी, आणि त्यात म्हातारा ग्विलिम. ग्विलिमचा खोकला असा, की समुद्रातल्या होड्यांना भोंग्याची गरज पडू नये. सरांनी सगळ्यांना एकसारखे पांढरे रेनकोट वाटले.

"इद्वाल, कानातलं यंत्र घेतलंस ना?" बेटीनं विचारलं.

"धुक्यात भिजून बिघडेल ते. आणि मला ऐकायचंय काय? बोलणार मी!"

त्यांनी खरोखर तसाच नियम केला. "पूर्वीचे यात्रेकरू मौन पाळून चालत. तेव्हा विहिरीपासून टोकाच्या चर्चपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. बोलेन तो मीच!"

"म्हणजे घरच्यासारखंच," बेटी म्हणाली. ग्विलिम हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

धुकं तर असं, की स्वतःचं नाक हातानं चाचपून खात्री करावी! मंडळी एकामागून एक चालत खाली, लाटांच्या अगदी शेजारी असलेल्या संताच्या विहिरीपाशी आली. तिथली रीत अशी की प्रत्येकानं एक खडा उचलायचा, त्यात मनातलं ओझं ठेवायचं आणि तो शेवटच्या चर्चमध्ये नेऊन टाकायचा.

"तुमची सगळ्यांची ओझी आज मी वाहणार!" सर गहिवरून म्हणाले. जवळच्या फाटकाला कुणाची तरी प्लॅस्टिकची बादली अडकवलेली होती. संध्याकाळी परत आणून ठेवू म्हणून ती त्यांनी काढली आणि सगळ्यांचे खडे तिच्यात टाकले. ग्विलिमनं जवळजवळ वीटच टाकली.

"आता समुद्राकडे तोंड करा. डोळे मिटा. मी आमेन म्हणेपर्यंत उघडू नका!"

आठही जणांनी डोळे मिटले. सरांनी प्रार्थना केली आणि शेवटी अगदी हळुवार, भरल्या आवाजात म्हणाले, "आमेन."

तो आमेन वाऱ्यानं उचलला आणि लाटांनी गिळला. विहिरीपाशी तो कुणालाही ऐकू गेला नाही. सर मात्र बादली घेऊन चढण चढू लागले. वर फाटक होतं, ते त्यांनी सौजन्यानं सताड उघडं ठेवलं. "शेवटच्यानं लावून घ्या रे!"

वर माळावर आल्यावर त्यांच्या मनात आलं, मागच्यांना धुक्यात दिशा कळायची कशी? मग त्यांनी बादली वाजवली. खडखड! खडखड!

आणि मागून पावलं वाजली. भरपूर पावलं. भरभर येणारी! सर खूश झाले. वळून बघितलं, तर ओलसर चष्म्यातून, धुक्यातून पांढरे पांढरे आकार रांगेनं येत होते. 'रेनकोटाचा रंग चांगला निवडला,' सरांनी स्वतःला शाबासकी दिली.

"तर मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "समोर धुक्यात एन्ली बेट आहे. तिथं वीस हजार संत पुरलेत असं म्हणतात..."

चाळीस मिनिटं झाली. कोणी 'अजून किती लांब?' विचारलं नाही. कोणी 'सर, शी लागली' म्हटलं नाही. इतके चांगले विद्यार्थी सरांना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते! मध्येच मागून आवाज आला, "खॉक! खॉक!"

"ग्विलिम, गोळी चघळ!"

"खॉक!"

"आणि पाय ओढू नकोस!"

थोड्या वेळानं बादलीच्या हाताला काहीतरी ऊबदार, मऊ, लोकरीचं लागलं. सर क्षणभर थबकले. बेटीचे हातमोजे! चारचौघांत बेटीनं त्यांचा हात धरला त्याला युगं लोटली होती. सरांनी न बघताच हळूच ती लोकर थोपटली.

"आठवतंय?" ते कुजबुजले. "लग्नाआधी याच माळावर तू माझा डबा खाल्ला होतास आणि वर 'मी नाही खाल्ला' म्हणाली होतीस! तेव्हाच मी ठरवलं, हीच मुलगी."

उत्तरादाखल हाताला ओलसर काहीतरी लागलं. 'रडतेय बिचारी,' सरांच्या मनात आलं. तेवढ्यापुरता इतिहास बाजूला ठेवून ते नुसतेच चालत राहिले.

टोकाच्या चर्चमध्ये जय्यत तयारी होती. बेटीची थोरली बहीण ग्वेनिथ पहाटेपासून राबत होती. दारापासून वेदीपर्यंत तिनं हंगामाचं पीक मांडलं होतं. कोबीचे गड्डे, गाजरांच्या जुड्या, सफरचंदं आणि मधोमध गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव! बाहेर हिरवळीवर टेबलं मांडून चहा आणि 'बारा ब्रिथ' नावाचा मनुकांचा केक. गायकवर्ग पायऱ्यांवर उभा. बादलीची खडखड ऐकू आली तशी पाद्रीबाईंनी खूण केली आणि स्वागतगीत सुरू झालं.

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात तार सप्तकवाल्या बायका गप्प झाल्या. तिसऱ्यात फक्त एक जाडा गृहस्थ गात होता, कारण तो डोळे मिटून गायचा.

"इद्वाल," ग्वेनिथ दारातून म्हणाली, "ही कोण मंडळी?"

"माझी मंडळी!" सर ताठ मानेनं म्हणाले. "सबंध वाटेत एकानंही तोंड उघडलं नाही!"

"बॅंऽऽऽ!" मंडळी म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला आणि वळून पाहिलं. साठ-सत्तर मेंढ्या! सगळ्यांत पुढची, काळ्या तोंडाची मेंढी त्यांच्याकडे अत्यंत प्रेमानं बघत होती. आपण डब्याची गोष्ट कुणाला सांगितली ते सरांच्या ध्यानात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

पण लाजायला वेळ कुठला! मेंढ्यांना कोबीचा वास आला होता. एका मेंढीनं गाजरांची जुडी उचलली, दोघींनी पेंढीचा पाव दोन्ही टोकांनी धरला, आणि बाकीच्या गायकवर्गाच्या पायांमधून वाट काढत रीतसर आत शिरल्या.

"माझा कोबी!" ग्वेनिथ किंचाळली. हातातल्या किटलीसकट ती वेदीकडे धावली, अर्ध्या वाटेत थांबली आणि गर्रकन वळली. "इद्वाल! माझी बहीण कुठंय?"

सरांनी आल्या वाटेकडे पाहिलं. खाली विहीर, पलीकडे कडा, वर हे असलं धुकं, आणि बेटी! आपण तिला समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटायला लावून उभं करून आलो!

"बेटीऽऽ!" सर ओरडले आणि आल्या वाटेनं धावत सुटले. हातातली बादली टाकायचं भानच राहिलं नाही. खडखडखडखड! चर्चमधून मेंढ्यांचा लोंढा बाहेर पडला आणि सरांच्या मागे पळत सुटला. त्यांच्यामागे पाद्रीबाई, गायकवर्ग आणि अजून किटली धरलेली ग्वेनिथ!

जेमतेम वळणापर्यंत पोचले असतील, तोच धुक्यातून ट्रॅक्टरचे दिवे दिसले. चालवत होता तुदुर, मेंढ्यांचा मालक. मागे मेंढ्या न्यायची जाळीची गाडी, आणि तिच्यात गवतावर दाटीवाटीनं बसलेले, पांढरे रेनकोट घातलेले आठ यात्रेकरू! ग्विलिम खोकत होता, बाकीचे हसत होते.

"सर!" तुदुर ओरडला. "मी मेंढ्या शोधत होतो, मला ही माणसं सापडली. तुमची का?"

"माझी! माझी!"

"मग अदलाबदल करू. आणि चाऱ्याची बादली द्या आधी! ती वाजली की माझ्या मेंढ्या थेट लंडनपर्यंत जातील!"

सरांनी बादली त्याच्या हातात कोंबली आणि गाडीकडे धावले. बेटी उतरली. केसांत गवत, गाल लाल. सरांनी सगळ्या गावासमोर तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"अरे, हाडं मोडतील माझी!"

"बेटी, तू घाबरली असशील. किती वेळ उभी होतीस डोळे मिटून?"

"डोळे तर मी लगेचच उघडले. तू फाटकातून वर जात होतास."

"मग हाक का नाही मारलीस?"

बेटीनं जरा विचार केला. "लाटांचा आवाज इतका छान येत होता रे! म्हटलं, थोडं ऐकू. मग मंडळींनाही हळूच सांगितलं. तेही म्हणाले, बसू या."

"आणि ग्विलिम?"

"त्याच्याकडे बाटली होती," ग्विलिमकडे न बघता बेटी म्हणाली. "कुणालाच घाई नव्हती."

कोबी गेला, पाव गेला, पण बारा ब्रिथ शाबूत होता. मेंढ्यांना मनुका आवडल्या नाहीत. ग्वेनिथनं हा अपमान मनावर घेतला आणि प्रत्येकाच्या ताटलीत दोन-दोन जाड तुकडे वाढले. उरलेल्या एका गाजराबद्दल पाद्रीबाईंनी उपकार मानले, तेव्हा सगळं चर्च खो खो हसलं. जाड्या गृहस्थानं स्वागतगीत पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. या वेळी तुदुरही गायला, आणि बाहेर गाडीतून मेंढ्याही.

निघताना आठही यात्रेकरूंनी रांगेनं सरांचा हात हातात घेतला. ग्विलिमचे तर डोळे भरून आले होते. "सर, अशी सुंदर यात्रा जन्मात झाली नाही. पुढच्या वर्षीही तुम्हीच न्या आम्हाला."

"नेणार म्हणजे काय! नक्की नेणार!"

"फक्त," ग्विलिम म्हणाला, "याहूनही थोडं पुढं चाला."

सर कृतकृत्य होऊन घरी आले. चहा घेतला, जेवले, बेटीला दोनदा म्हणाले, "बघितलंस? मी पुढं असलो की लोकांना कसा आधार वाटतो!" बेटी "हो ना," म्हणाली आणि भांडी धुवायला गेली.

रात्री पलंगावर बसून दुसरा मोजा काढत असताना, तो अर्धा पायात आणि अर्धा हातात, सरांना ग्विलिमच्या बोलण्याचा अर्थ लागला.