थरथरत्या टेबलावरचं अंडं

तयारी कशी करावी, हे माझ्याकडून शिकावं. मी कवळ्या बनवतो. बिनदाताच्या माणसाला फोटोपुरतं का होईना हसायला लावणं, ह्याला तयारी म्हणतात. बाकीचे करतात ती नुसती धावपळ. त्यामुळे रविवारी दुपारी धुकमांजर येणार, हे सोमवारी कळलं तेव्हा मी मुळीच गडबडलो नाही.

धुकमांजर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो.

मोबाइलवर एक खेळ आहे. चालत हिंडायचं, वाटेत पडद्यावर चमत्कारिक प्राणी दिसतात, ते पकडायचे. शिंगं फुटलेली बेडकं, पोट सुटलेली घुबडं असा माझाही बराच मोठा संसार आहे. पण धुकमांजर वर्षातून एकदाच येतं, तेही एका दुपारपुरतं, कारंज्याच्या बागेत. ते जोडीनेच पकडायचं, आणि दोघंही तिथे शेजारी हजर पाहिजेत. शिवाय त्याआधी दोघांनी आपापलं एक निळं अंडं उबवलेलं पाहिजे. अंडं उबतं चालण्याने. जितकं चालाल तितकी त्याला ऊब.

खरं म्हणजे मला मांजराचं एवढं काही नव्हतं.

मला उपाशी कासवाला भेटायचं होतं.

उपाशी कासव हे त्या खेळातलं कोणाचं तरी टोपणनाव. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, काही ठाऊक नाही. खेळात बोलता येत नाही. फक्त भेट पाठवता येते, आणि ती भेट जिथून उचलली त्या जागेचा फोटो सोबत येतो. मी सकाळी चहा टाकेपर्यंत कासवाची भेट आलेली असते. औषधाच्या दुकानाचा कोपरा. बसचा थांबा. मंगळवारी हटकून इस्पितळाचं फाटक. मी आपला आमच्या लॅबचा जिना पाठवतो, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. घरात मी एकटा उरलो तेव्हापासून, सकाळी उठून मला काहीतरी पाठवावं असं वाटणारं जगात हे एकच कासव.

(हा परिच्छेद जरा ओलसर झाला. पुसून पुढे जाऊ.)

तर मी कासवाला जोडीचं आमंत्रण धाडलं. उलट खेळातलंच एक तयार चित्र आलं: कासव मान डोलावतंय. म्हणजे येणार! आता माझं अंडं उबलं नाही तर मांजर कासवालाही मिळणार नव्हतं. पहिल्याच भेटीत पाहुण्याला उपाशी परत पाठवायचं म्हणजे काय?

अडचण होती माझी टाच. ती सकाळी उठल्याबरोबर बोंब मारते आणि दुपारपर्यंत कण्हत राहते.

योजना.

आमच्या लॅबमध्ये एक थरथरतं टेबल असतं. साच्यात प्लास्टर ओतलं की आत हवेचे बुडबुडे राहतात. साचा त्या टेबलावर ठेवला की ते त्याला गदागदा हलवतं, बुडबुडे वर येऊन फुटतात. मी साच्याच्या जागी मोबाइल ठेवला. मोबाइलला वाटलं, मालक चालायला निघाले.

शेजारी पॉलिशवाल्या बाई दात घासत बसल्या होत्या. गिऱ्हाइकाचे.

"त्याच्यात बुडबुडे झालेत का?" त्यांनी विचारलं.

"चालतोय तो."

"कुठे?"

"एका भेटीला."

"मग तुम्ही का बसून?"

मी टेबलाचा वेग वाढवला.

संध्याकाळपर्यंत अंडं कोमट झालं. मंगळवारी टेबल दिवसभर चालू ठेवलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीतही बंद केलं नाही. मोबाइल बिचारा न जेवता चालत होता आणि मी डबा उघडून त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो.

मध्येच एक गोष्ट. सांगायची राहिली, कारण मीच विसरलो होतो.

माझी पावलं ताईच्या मोबाइलवर दिसतात. तिनेच तशी सोय करून ठेवली आहे. "तू फोन उचलत नाहीस. निदान पावलं तरी दिसू देत," असं म्हणाली होती. ताई दुसऱ्या गावात राहते, पण तिथून ती माझ्या घरातला पंखासुद्धा बंद करू शकेल.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"कामावर."

"काय करतोयस?"

"जेवतोय. बसलोय."

ताई तडा गेलेला कप उचलावा तशा आवाजात म्हणाली, "तू सकाळपासून चालतोयस रे. एकदासुद्धा थांबला नाहीस."

"मी नाही चालत, ताई. टेबल चालतंय."

"टेबल."

"हो."

"टेबल का चालतंय?"

"अंडं उबवायला."

पलीकडे तिने भावोजींना हाक मारल्याचं मला ऐकू आलं.

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तुम्हाला म्हणून सांगतो, खऱ्या गोष्टी नीट समजावून सांगणं फार धोक्याचं असतं. कासवापाशी आलो तेव्हा ताई रडायला लागली होती.

गुरुवारी अंडं फुटलं. निळं पिल्लू बाहेर आलं, शिंकलं. काम फत्ते. मी टेबल बंद केलं, शुक्रवार-शनिवार रजा टाकली आणि टाचेला आराम म्हणून घरी पडून राहिलो. रविवारसाठी मोबाइल जपायचा होता, म्हणून त्याचा आवाज बंद केला आणि तो चार्जिंगला लावून पालथा ठेवला. तयारी, तयारी म्हणतात ती हीच.

ताईच्या मोबाइलवर हे कसं दिसलं असेल, याचा मी विचार केला नाही. तीन दिवस वेड्यासारखा चालणारा भाऊ, आणि मग एक पाऊल नाही.

शनिवारी दुपारी दार उघडलं तर वॉचमन दाराच्या फटीला नाक लावून उभा.

"काय हे?"

"ताईंनी बघायला सांगितलंय."

"मग बघा ना. नाक कशाला?"

तो ओशाळला. "बेल वाजवायचा धीर नाही झाला, साहेब. तुम्ही ठीक आहात ना? तसं कळवतो त्यांना. पण त्या निघाल्यात."

रविवार.

मी इस्त्रीचा शर्ट घालून बूट चढवत होतो, तेवढ्यात दारात ताई, भावोजी आणि एक अनोळखी बाई. त्या समुपदेशक, असं भावोजींनी माझ्या कानात सांगितलं. कोणाच्या घरी पाल शिरल्याचं सांगावं तसं.

"कुठे निघालास?" ताईने विचारलं.

"एकाला भेटायला."

"ते कासव?"

"हो. उशीर होतोय."

ताईने समुपदेशक बाईंकडे पाहिलं. त्या गोड हसल्या. "जाऊ द्या त्यांना. अडवायचं नाही. आपण सोबत जाऊ."

मग आमची वरात निघाली. ताईने माझं कोपर धरलं होतं. भावोजींकडे पाण्याची बाटली आणि माझा स्वेटर. ऊन होतं, तरी स्वेटर. मागून समुपदेशक बाई, माझ्या चालण्याकडे बघत. टाच दुखत होती म्हणून मी लंगडत होतो. ते त्यांनी मनात कुठे टिपलं देव जाणे.

कारंज्याभोवती ही गर्दी! पण एकाचंही तोंड दिसेल तर शपथ. सगळ्यांच्या माना खाली, हातात मोबाइल. इतकी माणसं इतकी चिडीचूप मी फक्त दातांच्या दवाखान्याबाहेर पाहिली आहेत.

मोबाइलवर अक्षरं आली: उपाशी कासव शेजारी आहे.

मी मान वर केली. कोण? टोपीवाला? पिशवीवाल्या बाई? तो उंच माणूस? एवढ्यात पडद्यावर धुकं पसरलं आणि त्यातून मांजर आलं. मी जाळं टाकलं, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने कासवाचं जाळं पडलं. मांजर सापडलं. दोघांनाही.

"झालं का तुझं?" ताईने विचारलं. "पाणी पितोस?"

गर्दीतून एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या, कॅनव्हासचे बूट, काखेत औषधांची पिशवी. केस नुकतेच विंचरलेले. माझ्या पडद्यावरचं 'उपाशी कासव' हे नाव त्यांनी वाचलं.

"लॅबचा जिना, तुम्हीच ना?"

मी विचारलं, "इस्पितळाचं फाटक?"

त्या हसल्या. मी त्यांच्या दातांकडे पाहिलं नाही, ही माझ्या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे. मग त्यांची नजर माझ्या कोपरावरच्या हाताकडे गेली, तिथून स्वेटरकडे, तिथून मागे.

"घरची मंडळी का?"

"हो, आम्ही घरचीच," ताई ठामपणे म्हणाली. "एकटं सोडत नाही आम्ही ह्याला."

"बरं असतं तसं," बाई म्हणाल्या. "मला आपलं वाटलं होतं, तुम्हीही एकटेच असाल. चला, छान झालं. येते मी."

आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे जाऊ पाहिलं, पण कोपर ताईच्या ताब्यात होतं आणि टाच कोणाच्याच ताब्यात नव्हती. म्हणून मी ओरडलो. उभ्या जन्मात मी असा ओरडलो नसेन.

"अहो, थांबा! ही माझी नाहीत! मी एकटाच असतो! रोज एकटाच असतो!"

सबंध बागेने माना वर केल्या. पहिल्यांदाच सगळ्यांची तोंडं दिसली. त्यांतलं एकही त्या बाईंचं नव्हतं. त्या फाटकाबाहेर गेल्या होत्या आणि तिथे बस उभी होती.

ताईने माझं कोपर सोडलं.

परतताना भावोजींच्या गाडीत समुपदेशक बाईंनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"तुझी नाहीत, तर मग कोणाची रे आम्ही?" ताई समोर बघत म्हणाली.

भावोजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "अगं, तो त्या मांजरांबद्दल बोलत होता."

"हो," मी म्हणालो. "मांजरांबद्दल."