सासरवाडीला निघालेला लष्करी ट्रेलर

एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेणारा माणूस चाकुरात एकच, आणि तो म्हणजे मी, मल्लिकार्जुन किराणावाला. हे माझं मत. बायकोचं मत पुढे येईलच.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी आम्ही त्याला अजून नवा जिल्हाच म्हणत होतो. नवी सून मूल होईपर्यंत नवीच राहते, तसं. गावातल्या विहिरी आटल्या होत्या. बायको शिवगंगा बाळंतपणाला उदगीरला माहेरी गेली, ती तिथेच राहिली. मुलगी पाच महिन्यांची झाली आणि मी तिला बघितलं होतं एकदाच, बारशाला. तेव्हा तिने माझं बोट घट्ट धरलं होतं. ते आठवलं की दुकानात साखरेच्या जागी मीठ तोलायचो.

पण सासरे गुरुपादप्पा म्हणजे उदगीरचे आडते, शब्दाचे पक्के. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जावईबापू, पाण्याची सोय करा अन् लेकीला घेऊन जावा. तान्हं लेकरू कडेवर घेऊन माझी लेक घागरी वाहनार न्हाई."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. राग येत होता तो त्याचाच.

पाणी अगदीच नव्हतं असंही नाही. गावापासून लांब एका मळ्यात बोअर चालू होतं आणि मालक हवं तेवढं न्या म्हणत होता. आणायचं कशातून, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात कळलं की सिकंदराबादला लष्कराचं जुनं सामान लिलावात निघतं, त्यात सामान वाहायचे ट्रेलरही असतात. माझा दोस्त सिद्धराम याच्याकडे पिकअप होता. दोघं गेलो आणि ट्रेलर घेतला! हिरवागार, दणकट, अंगावर पांढरे आकडे. सिद्धराम म्हणाला, आधी रंग बदलून घे. मी म्हणालो, मुळीच नाही. लष्करी रंग बघून रस्त्यात आपल्याला कोण अडवतंय?

पहिली अडचण लिलावाच्या डेपोच्या फाटकातच आली. ट्रेलर जोडायचं कडं भाकरीएवढं आणि ते अडकवायचा पिकअपमागचा आकडा करंगळीएवढा. एका लोहाराकडून नवा आकडा ठोकून घेतला. तो बसला, पण सैल. ब्रेक दाबला की ट्रेलर मागून रेड्यासारखी ढुशी मारायचा आणि आमची डोकी काचेला लागायची.

आता, नवं वाहन दारात रिकामं आणू नये अशी आमच्याकडे रीत आहे. लोक पोतंभर धान्य टाकतात. मी म्हटलं, यंदा धान्याहून मोठं काय? पाणी! बिदरजवळ एका ओळखीच्याच्या विहिरीवर, लिलावातच घेतलेले चार बॅरल काठोकाठ भरून घेतले आणि वर ताडपत्री बांधली. उदगीरला सासऱ्यांसमोर ताडपत्री दूर करायची आणि काही न बोलता उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं.

वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. ट्रेलरमधून पाणी ठिबकत होतं. एका सायकलवाल्याने ते ठिबकणं बघितलं, हिरवा रंग बघितला, आणि जो सुटला तो थेट पुढच्या गावात. आम्ही तिथे पोचलो तेव्हा वेशीत हलगी वाजत होती, बाया आरती घेऊन उभ्या होत्या आणि सरपंच शेषेराव फेटा हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध.

"या साहेब," ते म्हणाले, "आम्हाला वाटलंच व्हतं, नवा जिल्हा आपल्याला इसरनार न्हाई. अन् मिलिटरीच धाडली की!"

सिद्धराम माझ्या कानात म्हणाला, खरं काय ते सांगून टाक. मी सांगणारच होतो. पण तोपर्यंत फेट्याचा पहिला वेढा डोक्याला बसला होता. आता बघा, माझा जन्मात कधी सत्कार झालेला नाही. लग्नातला फेटासुद्धा चुलत्याने बांधला होता, तोही घाईत. म्हटलं, फेटा पुरा होऊ दे, मग सांगू. फेटा झाला तर शाल आली. शाल झाली तर नारळ. आणि आपल्याकडे नारळ हातात घेतला म्हणजे काम पत्करलं. वर त्यांनी दोन शब्द बोलायला सांगितले. मी बोललो. बरंच बोललो. पाणी हे सगळ्यांचं आहे, असंही बोललो. टाळ्या पडल्या आणि टाळ्या संपल्यावर घागरींची रांग लागली.

मग मात्र मी शेषेरावांना बाजूला घेऊन खरं सांगितलं, बायको-मुलीसकट सगळं. त्यांचा चेहरा पडला. भला माणूस, रांग मोडायला स्वतःच निघाले. पण रांगेत पहिली जी बाई होती, तिच्या कडेवर माझ्या मुलीएवढंच लेकरू होतं. ओठ कोरडे पडलेले. ते फेट्याचा शेमला धरायला हात पुढे करत होतं. मी वर चढलो आणि बॅरलचं झाकण काढलं.

चौथा बॅरल संपला तेव्हा सासऱ्यांना दाखवायला ताडपत्रीच उरली होती. पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं.

उदगीरला सासऱ्यांनी दारातच फेट्याकडे बघून विचारलं, कुणाचं लग्न होतं? मग ट्रेलरला एक चक्कर मारली, ताडपत्री उचलली, बॅरलवर टकटक केलं. सिद्धरामने सगळी हकीकत सांगितली. भाषण गाळायला मी खुणावत होतो, त्याने तेही सांगितलं.

"म्हंजे पानी न्हाई," सासरे म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. आणि परत एकटाच जायला पिकअपकडे वळलो.

तेवढ्यात शिवगंगा बाहेर आली. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात गाठोडं. मुलगी तिने माझ्या हातात दिली आणि गाठोडं पिकअपमध्ये टाकलं.

"अगं, तिथं पानी न्हाई," सासरे म्हणाले.

"न्हाई तर न्हाई, अप्पा. ह्या मानसाला एकटं सोडलं तर एक दिवस दुकान बी वाटून येतील. राखायला कुनीतरी पायजे की."

सासरे आत जाऊन टोपी घालून आले आणि म्हणाले, चार दिवस मीही येतो, पाण्याचं बघतो, तुमच्याच्यानं ते व्हायचं नाही.

चार दिवसांसाठी आलेले ते पाऊस पडेपर्यंत राहिले. रोज सकाळी सिद्धरामला घेऊन ते मळ्यावर जायचे, स्वतः उभं राहून बॅरल भरून घ्यायचे आणि घरी यायचे तेव्हा त्यातले दोन रिकामे असायचे. "रस्ता लई खराब हाय," ते म्हणायचे, "हिंदकळून सांडतं." रस्ता सरळसोट होता. वाटेत एक वस्ती तेवढी होती.

शिवगंगा माझ्याकडे बघायची, मी मुलीकडे बघायचो. जावयाने सासऱ्यांना काय विचारायचं?