डिशला लागलेला गळ

दोऱ्याचं टोक कुरळं झालं होतं. अन्नपूर्णाबाईंनी ते भिंगाखाली धरून पुन्हा पाहिलं. दोरा तुटला तर टोक सरळ राहतं. गाठ सरकली तर ते कारल्याच्या वेलीच्या तणाव्यासारखं वळतं. हे वळलं होतं. म्हणजे दोष दोऱ्याचा नव्हता, गाठीचा होता.

"सुटली?" प्रभाकररावांनी चहाचा कप पुढे करत विचारलं.

"सरकली."

"माशाच्या दृष्टीनं काय फरक पडते?"

अन्नपूर्णाबाईंनी चहा बाजूला ठेवला आणि दोऱ्याचं वळलेलं टोक कापून टाकलं. पृष्ठताण शिकवताना त्या एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, की पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या माशीला मासा कसा फसतो ते एकदा पाहायचंय. विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवलं आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हाती गळाची छडी, रीळ आणि पिसांच्या माश्यांची डबी ठेवली. त्यांच्यातल्या वडनेरच्या कैलासनं तर स्वतःच्या शेततळ्यावर यायचं आमंत्रणही दिलं. तेव्हापासून दर शनिवारी त्याचा फोन येई आणि दर शनिवारी मॅडम म्हणत, "गाठ ठरली की कळवते."

गाठ ठरत नव्हती. क्लिंच नावाची गाठ बांधायला सोपी, पण मधूनच सरकायची. पालोमार पक्की, पण तिच्यासाठी दोरा दुहेरी करावा लागे आणि तो माशीच्या इवल्याशा भोकात शिरत नसे. न्हाणीघरातल्या बादल्या आळीपाळीनं दोन्ही गाठींना लटकून झाल्या होत्या. आता कैलासनं निरोप पाठवला होता : तळ्याचं पाणी खाली गेलंय, सोमवारी जाळं टाकून सगळे मासे काढणार. उद्याचा रविवार हुकला तर हे वर्ष गेलं.

"शेवटची चाचणी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बादली हळूहळू ओढते. मासा झटका देतो. झटका द्यायला हवा."

नालवाडीतल्या त्या जोडघराची गच्ची दोन्ही बिऱ्हाडांत एकच होती. अर्ध्या गच्चीवर शेजारच्या सुलोचनाबाईंनी जुन्या साड्या अंथरून कुरड्या घालायला घेतल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या गच्चीत अन्नपूर्णाबाईंनी माशीला पुन्हा क्लिंच बांधून पवित्रा घेतला, ऊन लागलं म्हणून टोपी आणायला खाली गेल्या आणि वर आल्या तेव्हा प्रभाकरराव छडीजवळ फारच शहाण्यासारखे उभे होते.

"मॅडम, काय करायचं ते करा," सुलोचनाबाई सोऱ्या दाबत म्हणाल्या, "पण माह्या कुरड्या वाचवून."

कुरड्या वाचल्या. माशी त्यांच्यावरून डौलात गेली आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या डिशला अडकली. झटका अगदी हवा तसा बसला. डिशचा नट आधीच सैल होता. तिनं मान टाकली.

"सुलोचना," खालून त्यांच्या नवऱ्याचा, बापूरावांचा आवाज आला, "टीवी गेला वो."

गाठ धरून आहे का पाहायला अन्नपूर्णाबाईंनी छडी उचलली. दोरा ताणला गेला, डिशनं मान वर केली.

"आला, आला. तसंच ठेव."

त्यांनी छडी खाली केली.

"गेला. कोण हाय वर?"

"मी आहे, भाऊजी. गळ अडकलाय, काढून देते."

"काढू नका जी ताई. शेवटल्या ओव्हरा चालू हायेत. जसं धराल तसंच धरून ठेवा." बापूरावांचे गुडघे जिना चढू देत नसत, आवाज मात्र चढत असे.

"एवढ्या सकाळी कुठली मॅच?"

"मागल्या सालची. आपण जिंकलो होतो तिच्यात."

"मग निकाल माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत हाय म्हून तं पाहून राह्यलो. नाईतं बीपी वाढते माहा."

प्रभाकरराव मदतीला धावले आणि त्यांनी डिश हातानं उचलून धरली. खालून लगेच विचारणा झाली की मधात कोण उभं आहे. ते डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. पण त्यांचं पोट कोणत्याही दिशेनं सिग्नलच्या आडच येत होतं. शेवटी ते छत्री घेऊन बायकोच्या डोक्यावर सावली धरून उभे राहिले.

एवढ्यात मधेच खाली गेलेल्या सुलोचनाबाई चिकाचं दुसरं पातेलं घेऊन जिना चढून आल्या. दोरा बरोबर त्यांच्या गळ्याशी आडवा होता.

"आता मी जाऊ कुठून? इळ्यानं कापून टाकू का हे?"

"कापू नको," खालून बापूराव म्हणाले. "कापू नका," वरून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. एकाला मॅच हवी होती, दुसरीला गाठ.

"दोघंही सारखेच," असं म्हणत सुलोचनाबाई वाकून पलीकडे गेल्या. थोड्या वेळानं, दोरी ताणलेली आहेच तर, म्हणून त्यांनी ओला पंचाही तिच्यावर वाळत टाकला. छडी आणखी वाकली. अन्नपूर्णाबाईंचे खांदे भरून आले होते, पण पंचा पाहून त्यांना बरंच वाटलं. भार वाढला होता.

अखेर खाली मॅच पुन्हा एकदा जिंकली गेली. प्रभाकररावांनी गळ सोडवून आणला. अन्नपूर्णाबाईंनी भिंग लावलं आणि गाठ सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"ही क्लिंच नाही," त्या म्हणाल्या. "पालोमारही नाही."

प्रभाकररावांनी छत्री मिटायला घेतली.

"अहो."

"तू टोपी आणायले गेलती ना? मी छडी जराशी उचलली तं माशी हातातच आली. मंग बांधली मी."

"कशी?"

"बांधली. गुंडाळली, इकडून तिकडून काढली अन् उरलेला दोरा दातानं तोडला."

"पुन्हा बांधून दाखवा."

त्यांनी डबीतली दुसरी माशी घेऊन दाखवली. बोट लावताच सुटली. दुसरी बांधली, ती ओढायच्या आधीच उलगडली. तिसरीच्या वेळी गळ त्यांच्या बनियनमध्ये घुसला.

"राहू द्या भाऊजी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पुरुषाच्या हातून एकडाव झालं तेच लय झालं."

पुन्हा करून दाखवता येत नाही तो निष्कर्षच नव्हे, असं अन्नपूर्णाबाईंनी आयुष्यभर शिकवलं होतं. आणि जगातली सगळ्यांत भरवशाची गाठ एकाच माशीला बसली होती, ती कशी बसली हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कळायचं तर उकलून पाहायला हवं. उकलली की ती उरणार नाही. त्यांनी केसातली पिन काढून तिचं टोक पहिल्या वेढ्याखाली सरकवलं.

फोन वाजला. प्रभाकररावांनी तो बायकोच्या कानाशी धरला.

"जय भीम मॅडम. मी कैलास. उद्याचं काय मंग? ठरली का गाठ?"

"जय भीम, कैलास. नाही ठरली."

"मंग सोमवारी जाळं..."

"थांब." त्यांनी पिन वेढ्यातून अलगद मागे घेतली आणि केसात खोचली. "उद्या सकाळी येतो आम्ही दोघं. गाठ बसलेली माशी एकच आहे, पण येतोय."